बहिणी जुळ्या, जनुकातला दोषही तोच. मग रक्त थांबत नाही ते माझंच का?

वाचकाचं पत्र : आम्ही दोघी एकसारख्या जुळ्या. धाकट्या भावाला तीव्र हिमोफिलिया ए, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार आहे. त्याच्यामुळे आमची जनुकीय तपासणी झाली, तर आईकडून तो दोष आम्हा दोघींकडेही आलाय. दोघींच्या रिपोर्टात अगदी तोच बदल. पण रक्त गोठायला लागणाऱ्या फॅक्टर आठ या प्रथिनाची पातळी माझी २७ टक्के आणि बहिणीची ७१. पाळी सुरू झाल्यापासून मला अतिरक्तस्राव होतो. दाढ काढली तेव्हा दोन दिवस रक्त झिरपत होतं, बाळंतपणानंतर रक्त चढवावं लागलं. बहिणीला यातलं काहीच नाही. 'वाहक बायकांना त्रास नसतो, हे मनाचे खेळ आहेत' असंच ऐकत आले. आता डॉक्टर म्हणतात, तुमचा चांगला एक्स बऱ्याच पेशींमध्ये बंद पडलेला असणार. बंद पडलाय म्हणजे काय? लॅबचीच चूक तर नसेल? तो चालू करता येतो का? आणि नऊ वर्षांच्या माझ्या मुलीला मी कोणता एक्स दिला, चालू की बंद? आई तर सगळा दोष स्वतःकडेच घेऊन बसली आहे. — एक वाचक, वय ३४

उत्तर :

ताई,

'मनाचे खेळ' आधी डोक्यातून काढून टाका. फॅक्टर आठची सर्वसाधारण पातळी ५० ते १५० टक्क्यांच्या दरम्यान असते. एखाद्या पुरुषाची ती ५ ते ४० टक्क्यांत आली, तर डॉक्टर त्याला बिनदिक्कत 'सौम्य हिमोफिलिया' लिहून देतात. तोच आकडा बाईचा असला की 'तुम्ही फक्त वाहक' म्हणून तिची बोळवण करायची, अशी रीत वर्षानुवर्षं चालत आली. २०२१ मध्ये थ्रॉम्बोसिस आणि हिमोस्टॅसिस या विषयाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ही वर्गवारी सुधारली. पातळी ४० टक्क्यांच्या खाली असेल तर स्त्रीलाही हिमोफिलियाच म्हणायचं, आणि पातळी बरी असूनही रक्तस्रावाचा त्रास असेल तर तशी वेगळी नोंद करायची. या हिशोबाने २७ टक्के म्हणजे सौम्य हिमोफिलिया. दाढ आणि बाळंतपण या दोन्ही वेळी शरीराने तेच सांगितलं होतं, ऐकून मात्र कुणी घेतलं नाही.

लॅबच्या चुकीची शंका अगदीच अस्थानी नाही. फॅक्टर आठ भारी चंचल असतो. गरोदरपणात तो चढतो, ताप-संसर्गात चढतो, जोराच्या व्यायामाने किंवा ताणानेही चढतो. रक्ताचा नमुना तपासायला उशीर झाला किंवा तो नीट साठवला नाही, तर आकडा खऱ्यापेक्षा कमी निघतो. तेव्हा बहिणीला विचारा, नमुना दिला तेव्हा ती गरोदर होती का, आजारी होती का, काही हॉर्मोनच्या गोळ्या चालू होत्या का. रक्तगटाचाही परिणाम होतो, ओ गटाच्या लोकांची पातळी सरासरीने कमी असते. पण एकसारख्या जुळ्यांचा रक्तगट एकच, त्यामुळे तुमच्यातला फरक त्याच्या माथी मारता येणार नाही. दोघींनी तब्येत ठीक असताना चाचणी पुन्हा करून घ्या आणि सोबत व्हॉन विलेब्रँड फॅक्टरही मोजा, कारण रक्तात फॅक्टर आठला सांभाळणारं प्रथिन तेच. हे सगळं करूनही फरक कायम राहील असा माझा अंदाज आहे. दोन बहिणींचं रक्त इतकी वर्षं वेगळं वागलंय, ते काही एका नमुन्याच्या गफलतीमुळे नाही.

आता मूळ प्रश्न. एकच जनुकसंच घेऊन जन्मलेल्या दोघी अशा वेगळ्या कशा?

बाईच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रं असतात, एक आईकडून आलेलं, एक वडिलांकडून. पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय. वाय आखूड, त्यावर जनुकं मोजकी. एक्स मात्र भरगच्च असतं. डीएनएची सुमारे साडेपंधरा कोटी अक्षरं, प्रथिनं बनवणारी आठशेहून अधिक जनुकं, आणि त्यांतली बहुतेक स्त्री-पुरुष दोघांनाही लागणारी : रक्त गोठवणारी (फॅक्टर आठचं जनुक यांतलंच), स्नायू सांभाळणारी, रंग ओळखणारी, मेंदू घडवणारी. दोन्ही एक्स सरसकट चालू राहिले तर बाईच्या प्रत्येक पेशीत या सगळ्यांचा डोस दुप्पट होईल. गुणसूत्राच्या जादा डोसने काय होतं याचा अंदाज डाउन सिंड्रोमवरून येतो. एकविसावं गुणसूत्र आपल्यातलं सगळ्यांत लहान, तरी त्याची एक प्रत जास्त झाली की केवढा फरक पडतो. मग एक्ससारखं अवाढव्य गुणसूत्र दुप्पट चालणं गर्भाला झेपणारं नाही. उंदराच्या मादीगर्भात एक्स बंद करण्याची यंत्रणाच मोडली, तर ते गर्भ जगत नाहीत.

हा दुपटीचा हिशोब प्राणी वेगवेगळ्या तऱ्हेने सोडवतात. फळमाशीत नर आपल्या एकुलत्या एक्सचं काम दुप्पट करतो. सीनोऱ्हॅब्डायटिस नावाच्या इवल्याशा कृमीत दोन्ही एक्स निम्म्या जोरावर चालतात. सस्तन प्राण्यांनी सरळ एक पूर्ण एक्स बंद करण्याचा मार्ग धरला, आणि तुमच्या कहाणीची सुरुवात तिथेच आहे.

बंद करण्याचा हुकूम ज्या एक्सला बंद व्हायचंय त्याच्यावरूनच निघतो, ही यातली मला सर्वांत आवडणारी गंमत. एक्सवर 'एक्सिस्ट' नावाचं जनुक आहे. त्याचा शोध १९९१ मध्ये लागला. त्यापासून कुठलंही प्रथिन बनत नाही. बनतो तो आरएनएचा लांबलचक धागा, माणसात साधारण सतरा ते एकोणीस हजार अक्षरांचा. जनुकाचा आरएनए सहसा पेशीच्या केंद्रकाबाहेर जातो आणि त्यावरून प्रथिन तयार होतं. एक्सिस्टचा आरएनए कुठेच जात नाही. ज्या गुणसूत्रावर जन्मला त्याच्याच अंगावर टोकापासून टोकापर्यंत पसरतो. शेजारीच असलेल्या दुसऱ्या एक्सला तो हात लावत नाही.

एकदा पसरला की तो आपल्याभोवती प्रथिनांची फौज गोळा करतो. त्यात 'स्पेन' नावाचं प्रथिन अग्रभागी असतं. त्याच्या मदतीला आलेली एन्झाइम्स हिस्टोनवरच्या (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती प्रथिनं) 'हे जनुक चालू आहे' अशा रासायनिक खुणा पुसतात, आणि जनुकं वाचणारं यंत्र, म्हणजे आरएनए पॉलिमरेज, तिथून हाकललं जातं. मग पॉलिकोम्ब गटाची प्रथिनं येऊन 'बंद' अशा नव्या खुणा उमटवतात. गुणसूत्र आवळून गच्च होतं आणि केंद्रकाच्या कडेला जाऊन बसतं. शेवटी जनुकांच्या सुरुवातीच्या भागात डीएनएवरच मेथिलचे गट चिकटवले जातात. हे शेवटचं कुलूप फार पक्कं. कुलूप लागल्यावर पेशीतून एक्सिस्ट काढून टाकला, तरी ते एक्स बहुतांशी बंदच राहतं. यातला बराच तपशील उंदराच्या भ्रूणपेशींवरच्या प्रयोगांतून आलाय. माणसात वेळापत्रक थोडं वेगळं आहे, पण मुख्य यंत्रणा तीच.

आणि पेशी विभागली की दोन्ही लेकीपेशींत तेच एक्स बंद राहतं. त्यांच्या लेकींतही तेच. निवड एकदाच होते, ती आयुष्यभर निभावली जाते.

दोनांपैकी कुठलं एक्स बंद करायचं, हे मात्र आपल्यात कुणी ठरवत नाही. कांगारूसारख्या पिशवीवाल्या प्राण्यांत नेहमी वडिलांचंच बंद होतं, तिथे प्रश्नच मिटला. आपल्यात गर्भ अगदी कोवळा असताना प्रत्येक पेशी आपापली नाणेफेक करते. आईचं की वडिलांचं, छापा की काटा. एक्समध्ये चांगलं कुठलं, दोषाचं कुठलं हे तिला ठाऊक नसतं, आणि फॅक्टर आठचं जनुक तिच्या गावीही नसतं. आपल्या शेजारणीने काय निवडलं याचंही तिला देणंघेणं नसतं. म्हणून बाईचं शरीर म्हणजे दोन प्रकारच्या पेशींचं मिश्रण : काही ठिकाणी आईचं एक्स चालू, काही ठिकाणी वडिलांचं.

'नाणेफेकच असेल तर निम्मं-निम्मं पडायला हवं ना?' असं तुम्ही म्हणाल. हजार नाणी फेकली तर जवळपास निम्मीच पडतील. पण निवड होते तेव्हा, पुढे एखादा अवयव ज्यांच्यापासून घडणार अशा पेशी थोड्याच असतात. हिशोब सोपा जावा म्हणून त्या दहा धरू. दहा वेळा नाणं फेकून सात किंवा त्याहून जास्त वेळा एकच बाजू पडण्याची शक्यता सुमारे ३४ टक्के निघते. आठ किंवा त्याहून जास्तीची सुमारे ११ टक्के. म्हणजे पारडं एकीकडे झुकणं हा काही दुर्मीळ अपघात नाही. नंतर या थोड्या पेशींपासून लाखो-कोटी पेशी तयार होतात आणि सुरुवातीचं असमान वाटप तसंच पुढे चालत राहतं.

फॅक्टर आठ मुख्यतः यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशी बनवतात. ज्या पेशीत वडिलांकडून आलेलं चांगलं एक्स चालू, ती फॅक्टर बनवते. जिच्यात आईकडून आलेलं दोषाचं एक्स चालू, तिच्याकडून तो मिळत नाही. त्या सगळ्या पेशींची बेरीज रक्तात २७ टक्के म्हणून दिसते. त्यावरून 'माझ्या नेमक्या २७ टक्के पेशी चांगल्या' असं गणित मांडू नका, कारण निरोगी माणसांतही पातळी ५० ते १५० पर्यंत हलते. पण दिशा तीच आहे. वाहक स्त्रियांची सरासरी ५० टक्क्यांच्या आसपास येते, आणि तिच्या दोन्ही अंगांना पसारा मोठा असतो. तुम्ही खालच्या अंगाला गेलात, बहीण वरच्या.

जुळ्या असूनही? हो, कारण नाणेफेक जनुकांत लिहिलेली नसते. एका फलित बीजाचे दोन गर्भ नाणेफेकीआधी वेगळे झाले असतील, तर दोघींची नाणेफेक वेगवेगळी. नंतर झाले असतील, तर आधीच ठरलेल्या पेशींची वाटणी झाली, आणि तीही समसमान होईल असं कुठे आहे? एकीच्या वाट्याला एका प्रकारच्या जास्त, दुसरीच्या वाट्याला दुसऱ्या प्रकारच्या. स्नायूंच्या डूशेन आजाराचं जनुकही एक्सवरच असतं. त्याच्या वाहक जुळ्यांत एकीला आजार आणि दुसरी ठणठणीत, अशी उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. तुमच्या घरात काही विपरीत घडलेलं नाही.

हे सगळं पहिल्यांदा जुळवलं ते मेरी लायन यांनी. त्या इंग्लंडमध्ये हारवेल इथे उंदरांच्या आनुवंशिकतेवर काम करत. अंगावरच्या केसांच्या रंगाचं जनुक एक्सवर असलं, की माद्यांच्या अंगावर दोन रंगांचे ठिपके-पट्टे दिसतात, नरांत कधीच नाही, हे त्यांनी पाहिलं होतं. एकच एक्स असलेल्या उंदराच्या माद्या धडधाकट असतात आणि पिल्लंही देतात, हेही माहीत होतं. म्हणजे एका पेशीला एक एक्स पुरतं. तिसरा धागा जुना होता. १९४९ मध्ये कॅनडात मरे बार आणि एवर्ट बर्ट्रम यांना मांजरींच्या चेतापेशींच्या केंद्रकात एक गडद ठिपका दिसला होता, तोही फक्त माद्यांत. दहा वर्षांनी सुसुमु ओनो यांनी दाखवलं की तो ठिपका म्हणजे आवळून बसलेलं एकच एक्स. लायन यांनी १९६१ मध्ये 'नेचर'मधल्या छोट्याशा टिपणात हे धागे एकत्र आणले. (पुढे याच ठिपक्याच्या जोरावर ऑलिंपिकमध्ये महिला खेळाडूंची 'स्त्रीत्वाची परीक्षा' घ्यायला सुरुवात झाली. विज्ञानाचा इतका ओबडधोबड वापर क्वचितच झाला असेल. पण तो विषय इथे नको.)

माणसातला चोख पुरावा १९६३ मध्ये आला. जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम एक्सवरच्या जनुकापासून बनतं आणि त्याचे ए आणि बी असे दोन प्रकार सहज वेगळे ओळखता येतात. ज्या स्त्रियांकडे दोन्ही प्रकार होते, त्यांच्या त्वचेच्या पेशी घेऊन एकेका पेशीपासून वेगळी वसाहत वाढवण्यात आली. सगळ्या पेशी एकत्र तपासल्या की ए आणि बी दोन्ही मिळत. एकाच पेशीपासून वाढलेल्या वसाहतीत मात्र एक तर फक्त ए, नाही तर फक्त बी. तुमच्या यकृतातही हाच प्रकार आहे, फक्त प्रथिन वेगळं.

ते डोळ्यांना बघायचं असेल, तर घाम कमी येणाऱ्या एका एक्सशी निगडित आजाराच्या वाहक स्त्रिया पाहाव्यात. पाठीला आयोडीन लावून त्यावर स्टार्च भुरभुरतात. घाम येतो तिथे निळा-काळा रंग चढतो, घामग्रंथी नाहीत तिथली त्वचा कोरडी आणि फिकटच राहते. पाठीवर वळणावळणाचे पट्टे उमटतात. प्रत्येक पट्टा म्हणजे कोवळ्या गर्भातल्या एकाच पेशीचा गोतावळा, तिने केलेली निवड जन्मभर वागवणारा.

आता 'चालू करता येतो का?' हा प्रश्न. घोडं पेंड खातं ते इथेच. आजच्या घडीला तुमच्यावर वापरता येईल असं एकही औषध यासाठी नाही. कुणी पथ्य, काढा, प्राणायाम किंवा 'जीन अॅक्टिव्हेशन'च्या नावाखाली काही विकत असेल, तर पैसे आणि वेळ दोन्ही वाचवा. प्रयोगशाळांत प्रयत्न जरूर चालू आहेत. रेट सिंड्रोम नावाच्या मेंदूच्या आजारात बंद एक्सवर चांगलं जनुक पडून असतं, ते जागेवरच चालू करता येईल का, हे उंदरांत आणि पेशींत तपासलं जातंय. उलटा प्रयोगही झालाय. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या जीन लॉरेन्स यांच्या गटाने डाउन सिंड्रोमच्या पेशींत एक्सिस्ट जनुक एकविसाव्या गुणसूत्राच्या जादा प्रतीवर बसवलं आणि ती प्रत बंद करून दाखवली. पण बशीतल्या पेशी वेगळ्या आणि माणूस वेगळा. तुमच्या बाबतीत अडचण आणखी एक : अख्खं एक्स चालू केलं तर फॅक्टर आठबरोबर शेकडो जनुकांचा डोस दुप्पट होईल, आणि गर्भाने जे टाळण्यासाठी एवढा खटाटोप केला तेच ओढवून घेतल्यासारखं होईल. हिमोफिलियात याची गरजही नाही, कारण फॅक्टर बाहेरून देता येतो.

एक बारकावा सांगायला हवा, कारण पुढे कुठे तरी वाचाल आणि गोंधळाल. बंद एक्सवरचं सगळंच बंद नसतं. माणसात सुमारे १५ टक्के जनुकं ही बंदी चुकवून चालू राहतात. एकच एक्स घेऊन जन्मलेल्या मुलींना टर्नर सिंड्रोम होतो, उंची कमी राहते, बीजकोश नीट घडत नाहीत, त्याचं कारण हेच. दुसरं एक्स नुसतं शोभेचं असतं तर तिला काहीच झालं नसतं. फॅक्टर आठचं जनुक मात्र या चुकार मंडळींत नाही. ते बंदी मुकाट्याने पाळतं.

'एक्स इनॅक्टिव्हेशन'ची रक्तचाचणी करून घ्यावी का, असं तुमच्या मनात येईल, कुणी सुचवेलही. माझं मत : तुमच्या उपचारासाठी तिची गरज नाही. ती चाचणी रक्तातल्या पांढऱ्या पेशींतलं प्रमाण सांगते, आणि तिथलं वाटप यकृतातल्यासारखंच असेल याची खात्री नाही. शिवाय वय वाढतं तसं रक्तातलं प्रमाण आपोआप आणखी एकतर्फी होत जातं. फॅक्टरची पातळी थेट मोजता येत असताना सुतावरून स्वर्ग कशाला गाठायचा?

मुलीला कोणता एक्स दिला? चालू की बंद, हा भेदच तिथे उरत नाही. बीजांड तयार करणाऱ्या पेशींत ते पक्कं कुलूप उघडलं जातं, खुणा पुसल्या जातात आणि दोन्ही एक्स पुन्हा चालू होतात. हे पुसणं किती महत्त्वाचं, ते एका मांजरीने दाखवून दिलं. २००१ च्या डिसेंबरमध्ये टेक्सासच्या ए अँड एम विद्यापीठात जगातली पहिली क्लोन मांजर जन्मली, 'सीसी'. जिच्या पेशीपासून ती बनवली ती 'रेनबो' नावाची मांजर काळ्या-नारिंगी-पांढऱ्या ठिपक्यांची होती. नारिंगी रंगाचं जनुक एक्सवरच असतं. सीसीच्या अंगावर मात्र नारिंगीचा मागमूसही नव्हता. घेतलेल्या शरीरपेशीत नारिंगीवालं एक्स बंद होतं, आणि क्लोन करताना ते बंदच राहिलं. साध्या मार्गाने, बीजांडातून जन्माला येणाऱ्या बाळाला आईचा असा हिशोब चिकटत नाही.

तेव्हा तुमच्या मुलीला दोषाचं एक्स मिळालं असण्याची शक्यता ५० टक्के. ते मिळालं असेल, तरी वडिलांकडून चांगलं एक्स आलंय, आणि कुठल्या पेशीत कोणतं चालू राहणार याची नाणेफेक तिची तिने केलीय. तुमचे २७ टक्के तिच्याकडे जात नाहीत. तिची पातळी ९० असेल किंवा १५. म्हणूनच ती मोजा, आणि पाळी सुरू होण्याआधी मोजा. नऊ हे त्यासाठी योग्य वय आहे. त्याआधी टॉन्सिल, दात किंवा कुठलीही शस्त्रक्रिया ठरली तर ताबडतोब. ती वाहक आहे की नाही याची जनुकीय तपासणी मात्र घाईने करायची नसते. तिला अर्थ कळेल, तिचं मत सांगता येईल अशा वयात जनुकीय समुपदेशकाच्या मदतीने ठरवा. एक सावधगिरी : पातळी चांगली आली म्हणजे ती वाहक नाही असं होत नाही. बहिणीचे ७१ आठवा.

आईंना सांगा, दोष द्यायचाच तर नाण्याला द्या. त्यांच्या बीजांडात दोनांपैकी कोणतं एक्स गेलं यात त्यांचा हात नव्हता. कित्येक घरांत तर हा बदल आधी कुणातच नसतो, तो नव्यानेच घडतो.

तुमच्यापुरतं काय करायचं ते आता. हिमोफिलिया पाहणाऱ्या रक्तविकारतज्ज्ञाकडे नाव नोंदवा आणि निदान लेखी घ्या. पाळीच्या अतिस्रावावर ट्रॅनेक्सामिक अॅसिड किंवा हॉर्मोनचे उपाय आहेत, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि रक्तविकारतज्ज्ञ यांनी मिळून ठरवावेत. सौम्य हिमोफिलिया ए मध्ये डेस्मोप्रेसिन हे औषध शरीरातला साठवलेला फॅक्टर बाहेर आणून पातळी तात्पुरती वाढवतं. सगळ्यांना सारखं लागू पडत नाही, म्हणून गरज पडण्याआधीच देखरेखीखाली एकदा चाचणी करून बघतात. ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नका. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही तपासा. इतक्या वर्षांच्या स्रावाने लोहाचा साठा रिकामा झाला असेल, तर थकवा त्याचाच. दात काढण्याआधी दंतवैद्याला निदान दाखवा. निदानाचं कार्ड पाकिटात ठेवा, अपघातात तुम्ही बोलण्याच्या स्थितीत असालच असं नाही.

मला खरी काळजी तुमच्यापेक्षा बहिणीची वाटते. ७१ टक्के ऐकून सगळे निर्धास्त होणार, तीही होणार. पण तिच्या प्रत्येक बाळाला दोषाचं एक्स जाण्याची शक्यता तुमच्याइतकीच, ५० टक्के. मुलगा झाला आणि त्याला ते मिळालं, तर त्याच्याकडे दुसरं एक्स नाही. त्याला मामासारखाच तीव्र हिमोफिलिया होईल. गरोदरपणात फॅक्टर आठ चढत असल्याने तिचे रिपोर्ट तेव्हा आणखी छान दिसतील, आणि बाळंतपणानंतर पातळी पुन्हा उतरेल. म्हणून मूल व्हायचा विचार असेल तर तिने आधीच समुपदेशकाला भेटावं. प्रसूतीच्या टीमला घरातला हिमोफिलिया लेखी कळवावा, बाळाच्या डोक्यात रक्तस्राव होऊ नये म्हणून व्हॅक्यूम आणि चिमट्याची प्रसूती टाळायला सांगावं, आणि मुलगा झाला तर नाळेच्या रक्तात फॅक्टर आठ मोजून घ्यावा. तो आकडा येईपर्यंत बाळाला स्नायूत एकही इंजेक्शन देऊ नये, असं टीमशी आधीच ठरवून ठेवावं.